अपपाठांची नवी परंपरा : सामायिक सर्व्हरवरील दोषशोधन आणि पाठचिकित्सा

१

हस्तलिखितांच्या परंपरेशी ज्यांचा परिचय आहे त्यांना अपपाठ ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली, आणि पुरती तीन शतकेही लोटली नव्हती तोच, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांना तिच्या प्रतींचे संशोधन करून शुद्ध प्रत तयार करावी लागली. लेखकूंचा प्रमाद, पाठांतरातील विस्मृती आणि हौशी मंडळींनी घातलेली भर ही भ्रष्टतेची तीन कारणे पाठचिकित्सकांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. गेल्या तीस वर्षांत ह्या कारणांत एका चौथ्या कारणाची भर पडली आहे. भारतीय भाषांतील साहित्य आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या सर्व्हरवर राहते, आणि ते वाचकापर्यंत पोहोचविण्याचे काम लहानलहान आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, करीत असतात. ह्या आज्ञावली एका परीने आजच्या लेखकूच होत. त्यांच्या हातून होणारे प्रमाद मात्र मानवी लेखकूच्या प्रमादांहून निराळ्या जातीचे असतात.

ह्या प्रश्नाचा विचार बेंगळुरूच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ह्याच शहरातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा ग्रंथसंग्रह चालविला गेला. त्यात मराठी ग्रंथांची संख्या मोठी होती, परंतु त्यांची शीर्षके रोमन लिपीत आणि एकवाक्यता नसलेल्या वर्णलेखनाने नोंदली गेल्यामुळे संग्रहात असलेला ग्रंथ शोधूनही सापडू नये, असा अनुभव अभ्यासकांना वारंवार येत असे. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्यातील फार मोठ्या भागाच्या प्रती २०१७ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या संस्थेच्या संग्रहात ठेवल्या गेल्या, म्हणूनच तो भाग आज वाचता येतो. एवढ्या मोठ्या उपक्रमाची ही स्थिती असेल, तर एखाद्या नियतकालिकाच्या किंवा अभ्यासमंडळाच्या, तुटपुंज्या वार्षिक भाड्यावर चालणाऱ्या संकेतस्थळाची स्थिती किती नाजूक असते, ह्याची कल्पना सहज करता येईल. अशी बहुतेक संकेतस्थळे ज्या व्यवस्थेत राहतात तिला सामायिक होस्टिंग म्हणतात. त्या व्यवस्थेत मजकूर कसा बिघडतो, बिघाडाचे मूळ कसे शोधावयाचे आणि शोधाआधीच दुरुस्ती केल्यास काय गमवावे लागते, हे साहित्याच्या अभ्यासकाने समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

२

सामायिक होस्टिंगची रचना समजण्यास जुन्या बेंगळुरूतील वठाराचे उदाहरण उपयोगी पडते. मल्लेश्वरम, बसवनगुडी, चामराजपेट ह्या भागांत एका अंगणाभोवती ओळीने बांधलेली लहान बिऱ्हाडे, सर्वांना मिळून एक विहीर किंवा नळ आणि एक मालक, अशी वस्ती असे. मराठी वाचकाला वाडा किंवा चाळ म्हटली की हेच चित्र डोळ्यांपुढे येईल. सामायिक सर्व्हरही असाच असतो. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. प्रत्येकाला स्वतःची खोली, म्हणजे फाईली ठेवण्याची जागा, मिळते. परंतु यंत्राची स्मृती, डेटाबेस चालविणारी प्रणाली आणि आज्ञावली वाचून अमलात आणणारा दुभाषा सर्वांना समाईक असतो. भाडे कमी पडते ते ह्यामुळेच.

ह्या व्यवस्थेचा दोषशोधनावर जो परिणाम होतो तो ध्यानात घेतला पाहिजे. भाडेकरूला विहिरीच्या तळाशी उतरता येत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे, दुभाष्याची आवृत्ती बदलणे, यंत्राच्या मुख्य नोंदवह्या चाळणे हे अधिकार मालकाकडे असतात. उलट मालक आपल्या सोयीने आवृत्ती बदलतो, आणि काल चालणारी आज्ञावली आज अचानक बंद पडते, कोणीही तिच्यातील एक अक्षरसुद्धा बदललेले नसताना! सुरक्षिततेच्या कारणास्तव दोषाचा तपशील वाचकाला दाखविण्याची सोयही बहुधा बंद ठेवलेली असते. पडद्यावर दिसते ते एक कोरे पान, किंवा ‘५००’ हा एक मुका आकडा. त्यामुळे अशा ठिकाणी दोष शोधणाऱ्याची अवस्था मूळ प्रत नष्ट झालेल्या ग्रंथाच्या संपादकासारखी होते. प्रत्यक्ष पाहता येते ते थोडे, आणि उरलेले अंतर्गत पुराव्यावरून अनुमानाने ठरवावे लागते.

३

मजकूर कोठे बिघडू शकतो हे कळण्यासाठी अक्षर यंत्रात कसे साठविले जाते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. यंत्राला अक्षर ठाऊक नसते. त्याला ० ते २५५ ह्या दरम्यानचे आकडे ठाऊक असतात, आणि अशा एका आकड्याच्या जागेला बाइट म्हणतात. पूर्वीच्या पाश्चात्त्य संकेतांत एक बाइट म्हणजे एक अक्षर असा सरळ हिशेब होता. रोमन लिपीतील अक्षरे, विरामचिन्हे आणि युरोपीय भाषांतील स्वरचिन्हांकित अक्षरे मिळून २५६ जागांत बसत असत. भारतीय लिपींसह जगातील सर्व लिपींना एकत्र स्थान देणारा युनिकोड हा संकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. हे क्रमांक बाइटांत उतरविण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन टॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी १९९२ मध्ये योजिली. ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. ‘मराठी’ ह्या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून यंत्राच्या दृष्टीने हा शब्द पंधरा बाइटांचा होतो.

आता हेच तीन बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेताने वाचले, तर ‘क’च्या जागी तीन असंबद्ध चिन्हे दिसतील: उलटा आघात असलेले एक रोमन अक्षर, चलनाचे एक अनोळखी चिन्ह आणि एक काळा ठिपका. पान उघडावे आणि देवनागरीऐवजी अशा चिन्हांची रांग दिसावी, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. येथे मजकूर नष्ट झालेला नसतो. किल्ली चुकलेली असते, एवढेच. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पोथ्या शाबूत होत्या, अक्षरे रेखीव होती, परंतु कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर हे पंथाबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसल्यामुळे त्या त्याला निरर्थक वाटत. वि. का. राजवाडे ह्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा पोथीतील एक रेषही बदलावी लागली नाही.

तेव्हा दोषशोधनातील पहिला प्रश्न हाच: मजकूर चुकीने वाचला जात आहे, की चुकीने लिहिला गेला आहे? पहिल्याला वाचनदोष आणि दुसऱ्याला लेखनदोष म्हणता येईल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु उपाय परस्परविरुद्ध आहेत. वाचनदोषात मजकुराला हात लावावयाचा नसतो, किल्ली सुधारावयाची असते. लेखनदोषात किल्ली कितीही बदलली तरी गेलेले अक्षर परत येत नाही.

ह्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने घोटाळा कसा होतो ह्याचे उदाहरण मायएसक्यूएल ह्या डेटाबेस-प्रणालीत मिळते. लहान संकेतस्थळांत तिचा वापर अतिशय आहे. २००४ मधील ४.१ ह्या आवृत्तीपासून तिच्यात प्रत्येक रकान्याच्या मजकुराचा संकेत स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय झाली. परंतु मुद्दाम काही न सांगितल्यास तो संकेत पाश्चात्त्य धरला जाई, आणि ही स्थिती २०१८ मधील ८.० ह्या आवृत्तीपर्यंत टिकली. त्यामुळे असंख्य ठिकाणी मराठी मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने आत गेला आणि त्यावर चिठ्ठी मात्र पाश्चात्त्य संकेताची लागली. ठेवताना जी चूक झाली तीच काढताना उलट दिशेने होत असल्यामुळे पान व्यवस्थित दिसे. पुढे कोणी योग्य किल्ली सांगणारी नवी आज्ञावली बसविली की सर्व जुना मजकूर एकाएकी विद्रूप होई. दोष वीस वर्षांपूर्वीचा आणि ठपका मात्र निर्दोष नव्या आज्ञावलीवर, असा हा प्रकार आहे. जो पाठ ज्या क्षणी प्रथम भ्रष्ट दिसतो त्याच क्षणी तो भ्रष्ट झाला, असे मानू नये, हा पाठचिकित्सेतील धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

४

आता लेखनदोषाचे एक उदाहरण सविस्तर पाहावे. समजा, बेंगळुरूतील एखाद्या अभ्यासमंडळाने मराठी, कन्नड आणि तमिळ ह्या तीन भाषांतील लेख एकाच सामायिक सर्व्हरवर, एकाच पीएचपी आज्ञावलीच्या द्वारे ठेवले आहेत. मंडळ कल्पित आहे, परंतु दोष खरा आणि पुष्कळ ठिकाणी आढळणारा आहे. वाचकांकडून तक्रार येते की, मराठी लेखांत ‘मराठी’ हाच शब्द नीट उमटत नाही. ‘मरा’ दिसते, पुढे प्रश्नचिन्हांकित चौकट आणि रिकामी जागा, आणि शेवटची वेलांटी तुटक ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत असते. ‘हिंदी’ हा शब्द मात्र शाबूत आहे. शोध घेता ‘पाठ’, ‘विठ्ठल’, ‘वैकुंठ’, ‘पैठण’ हेही शब्द मोडलेले आढळतात. कन्नडात ‘मठ’, ‘पीठ’ आणि ‘पाठ’ ह्यांची तीच गत आहे, आणि वर उल्लेखिलेला ‘वठार’ हा शब्दही त्यातून सुटलेला नाही. तमिळ लेख पूर्णपणे निर्दोष आहेत.

सर्वसाधारण वाचक अशा वेळी टंकाला, म्हणजे फॉण्टला, दोष देतो. पण टंक सदोष असता तर तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या टंकात नीट दिसला असता. येथे तसे होत नाही. टंकलेखकाच्या हातून चूक झाली म्हणावे, तर भिन्न व्यक्तींनी, भिन्न दिवशी टंकित केलेल्या लेखांत नेमके एकच अक्षर कसे चुकावे? स्वतंत्र प्रतींत आढळणारा समान प्रमाद हा समान पूर्वजाचा पुरावा मानावा, हे तत्त्व हस्तलिखितांची वंशावळ ठरविताना वापरले जाते. तेच येथे वापरले, तर सर्व लेख ज्या एका ठिकाणाहून जातात त्या ठिकाणी, म्हणजे लेख डेटाबेसमध्ये भरणाऱ्या आज्ञावलीत, दोष असला पाहिजे असे अनुमान निघते.

ह्यानंतर अक्षराकडे न पाहता बाइटांकडे पाहावे लागते. ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. मोडलेल्या ठिकाणी मात्र २२४, १६४, ३२ असे आकडे सापडतात. ३२ म्हणजे शब्दांमधील साधी मोकळी जागा. कोणीतरी १६० हा आकडा जेथे दिसेल तेथे ३२ घातला आहे. असे कोण आणि का करील? जुन्या पाश्चात्त्य संकेतात १६० हे ‘न तुटणाऱ्या मोकळ्या जागे’चे चिन्ह आहे. इतर लेखन-प्रणालींतून आणलेल्या मजकुरात ते वारंवार येते, म्हणून त्याच्या जागी साधी मोकळी जागा घालणारी एक ओळ अनेक आज्ञावलींत सफाईसाठी घातलेली असते. इंग्रजी मजकुरात ती निरुपद्रवी असते. एक बाइट म्हणजे एक अक्षर, ह्या गृहीतावर ती लिहिलेली आहे, आणि तीन बाइटांच्या अक्षराच्या शेवटच्या तृतीयांशावर ती घाव घालते.

कन्नडातही ‘ठ’च का मोडतो ह्याचे उत्तर तौलनिक अभ्यासकाला विशेष रुचावे. युनिकोडमधील भारतीय लिपींचे खंड १९८८ च्या भारतीय संकेताला, म्हणजे इस्कीला, अनुसरून परस्परांना समांतर रचले आहेत. देवनागरीचा खंड २३०४ पासून आणि कन्नडचा ३२०० पासून सुरू होतो, आणि दोन्हींत ‘ठ’ हा आरंभापासून ३२ घरे पुढे आहे. खंड १२८ च्या पटीत सुरू होत असल्यामुळे समांतर अक्षरांचा शेवटचा बाइट एकच येतो. कन्नड ‘ठ’ २२४, १७८, १६० असा, तर बंगाली ‘ठ’ २२४, १६६, १६० असा लिहिला जातो. म्हणजे हीच आज्ञावली बंगाली मजकुरावर चालविली, तर रवींद्रनाथांचे ‘ठाकुर’ हे आडनाव पहिल्याच अक्षराला मोडेल. तमिळ लिपीत महाप्राण ‘ठ’ नाही, ते घर युनिकोडमध्ये रिकामे आहे, म्हणून तमिळ लेख वाचले. वर्णमालेच्या रचनेतील एक भेद येथे दोषाचे निदान करणारा साक्षीदार ठरतो. तिन्ही भाषांचे लेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले नसते, तर हे निदान इतक्या लवकर झाले नसते.

ह्या दोषाची बाह्य लक्षणेही काळानुसार बदलतात. डेटाबेस शिथिल नियमांवर चालत असेल, तर अवैध बाइट दिसताच तो मजकूर तेथेच तोडतो. मग लेख पहिल्या ‘ठ’पाशी संपतो आणि पुढचा सर्व भाग निमूटपणे नाहीसा होतो. नियम कडक असतील, तर लेख स्वीकारलाच जात नाही. पीएचपीच्या २०१२ मधील ५.४ ह्या आवृत्तीपासून मजकूर पानावर सुरक्षितपणे उतरविणारे एक नेहमीचे साधन तो यूटीएफ-८ आहे असे गृहीत धरू लागले, आणि २०२१ मधील ८.१ ह्या आवृत्तीपर्यंत मजकुरात एक जरी अवैध बाइट आढळला तरी मुद्दाम वेगळे सांगितल्याखेरीज ते काहीच परत देत नसे. त्यामुळे मालकाने आवृत्ती बदलली की काल एकच अक्षर मोडलेला परिच्छेद आज संपूर्ण अदृश्य होई.

५

सामायिक सर्व्हरवर दोषाचा माग काढण्याची रीत ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सर्वप्रथम आहे त्या स्थितीत, मोडक्या अक्षरांसह, फाईलींची आणि डेटाबेसची प्रत करून ठेवावयाची. चालू संकेतस्थळावर प्रयोग करणे म्हणजे एकमेव हस्तलिखितावर शाईने दुरुस्ती करण्यासारखे आहे. त्यानंतर आपल्या खोलीत उपलब्ध असलेली दोषनोंद वाचावयाची. पडद्यावर काही दिसत नसले तरी आज्ञावलीच्या कोणत्या फाईलीच्या कोणत्या ओळीवर दुभाषा अडला, हे ह्या नोंदीत बहुधा लिहिलेले असते. ही नोंद वाचताना घड्याळाचे भान ठेवावे लागते. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर बेंगळुरूत पहाटे चारला घडलेली घटना तेथे आदल्या दिवशी रात्री साडेदहाची म्हणून नोंदलेली असते.

नोंदीतून उलगडा न झाल्यास अर्धे करीत जाण्याची पद्धत उपयोगी पडते. दोष असलेल्या आज्ञावलीची एक प्रत घेऊन तिचा अर्धा भाग निष्क्रिय करावयाचा आणि दोष राहतो की जातो ते पाहावयाचे. मग दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावयाचे. हजार ओळींच्या आज्ञावलीतही दहाएक फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते. एका वेळी एकच बदल करावा, हा ह्यातील नियम आहे. दोन बदल एकदम केले आणि दोष नाहीसा झाला, तर खरे कारण कोणते ते कायमचे अज्ञात राहते.

काही दोष मात्र ओळ सापडल्यावरही दिसत नाहीत, कारण ते अदृश्य चिन्हांत असतात. काही लेखन-साधने फाईल यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना तिच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट संकेताची खूण म्हणून घालतात. पडद्यावर ते उमटत नाहीत, परंतु आज्ञावलीच्या दृष्टीने पान पाठविण्यास सुरुवात झालेली असते. त्यानंतर पाठवावयाची शीर्षमाहिती नाकारली जाते, आणि वाचकाचा प्रवेश किंवा दुसऱ्या पानावरील रवानगी फसते. दुसरे उदाहरण ओळीच्या अखेरचे. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की गाडी मागे न्यावी लागे आणि कागद वर सरकवावा लागे. ह्या दोन क्रियांची आठवण संगणकात १३ आणि १० ह्या दोन आकड्यांत उरली आहे. विंडोज प्रणाली ओळीच्या शेवटी दोन्ही आकडे लिहिते, तर युनिक्स वंशातील सर्व्हर केवळ १० अपेक्षितो. पर्ल भाषेतील आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत दुभाष्याचा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्याच्या शेवटी एक अदृश्य १३ चिकटला, की त्या नावाचा दुभाषा सर्व्हरला सापडत नाही आणि वाचकाला ‘५००’ हा आकडा तेवढा दिसतो. डोळ्यांनी हजार वेळा वाचली तरी ती ओळ शुद्धच दिसते. अशा वेळी वाचणे सोडून मोजणे हाच मार्ग उरतो.

६

दोषाचे मूळ सापडल्यावर दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि येथेच साहित्याच्या अभ्यासकाची खरी जबाबदारी सुरू होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तिची पद्धती वि. सी. सुकथनकर ह्यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत मांडली. त्या आवृत्तीत जो पाठ कमी निश्चित वाटला त्याच्याखाली नागमोडी रेषा छापली आहे. संपादकाला किती खात्री आहे हे वाचकाला कळलेच पाहिजे, हा त्यामागील विचार होय. बिघडलेल्या संगणकीय मजकुरातही निश्चिततेच्या अशाच पायऱ्या असतात.

पहिली पायरी संपूर्ण निश्चिततेची. २२४, १६४, ३२ असा तुटलेला क्रम आणि त्यामागील कारण दोन्ही हाती असतील, तर तेथे ‘ठ’च होता हे निःसंशय सांगता येते, आणि सर्व लेख एका आज्ञेने पूर्ववत करता येतात.

दुसरी पायरी संशयाची. वर्डमधून आणलेल्या मजकुरातील वक्र अवतरणचिन्हे आणि लांब रेघा साध्या करणारी अशीच एक सफाईची यादी फार प्रचलित आहे. तिच्यात १३३, १४७, १४८, १५०, १५१ हे आकडे असतात. देवनागरीत ह्या आकड्यांवर संपणारी अक्षरे अनुक्रमे अ, ओ, औ, ख आणि ग ही आहेत. म्हणजे ‘अभंग’, ‘ओवी’ आणि ‘गाथा’ हे तिन्ही शब्द एकाच ओळीने मोडतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, १४७ आणि १४८ दोन्हींच्या जागी एकच सरळ अवतरणचिन्ह येते, आणि १५० व १५१ ह्यांच्या जागी बहुधा एकच आडवी रेघ येते. मग मूळ अक्षर ‘ख’ होते की ‘ग’ हे बाइट सांगू शकत नाहीत. ‘खाणे’ की ‘गाणे’ ह्याचा निर्णय संदर्भावरून घ्यावा लागतो. हे काम यंत्राचे राहत नाही, ते संपादकाचे होते, आणि अशा प्रत्येक निर्णयावर नागमोडी रेषेसारखी काही खूण असणे हे सचोटीचे लक्षण आहे.

तिसरी पायरी नाशाची, आणि ती बहुधा दुरुस्तीच्याच हातून घडते. मोडक्या ठिकाणी दिसणाऱ्या चौकटी विद्रूप वाटतात म्हणून कोणी अवैध बाइट सरसकट काढून टाकतो. पान स्वच्छ दिसू लागते. परंतु २२४, १६४ हा जो पुरावा शिल्लक होता तोही गेलेला असतो, आणि ‘पाठ’ होता की ‘पाट’ की ‘पाप’ हे सांगणारे काहीच उरत नाही. वाचनदोषातही असाच धोका आहे. चुकीच्या चिठ्ठीचा जुना मजकूर आणि नंतर योग्य रीतीने भरलेला नवा मजकूर एकाच रकान्यात मिसळलेले असताना सर्वांवर एकदम रूपांतर चालविले, तर जुने लेख सुधारतात आणि नवे बिघडतात.

मराठीपुरता एक विशेष धोका येथे नोंदविला पाहिजे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्या जोड्यांतील भेद मराठी वाचकाला सांगावयास नको. संगणकात हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. पहिल्या रीतीत र आणि हलन्त ह्यांच्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह येते. दुसऱ्या रीतीत नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरला जातो. सफाई करणारी आज्ञावली अदृश्य चिन्हे गाळते तेव्हा पहिल्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात. स्वरचिन्हे आणि नुक्ते गाळणारी आज्ञावली दुसऱ्या रीतीचेही तेच करते. येथे कोणतेही अक्षर मोडत नाही, चौकट दिसत नाही आणि दोषनोंदीत ओळ उमटत नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो, स्वयंपाक करणारा आचारी गुरुपदाला चढतो, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहते. अर्थपूर्ण अपपाठ हा निरर्थक अपपाठापेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याचा संशय येत नाही.

७

सु. मं. कत्रे ह्यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा भूर्जपत्रे, ताडपत्रे आणि कागद ही पाठाची वाहने होती. वाहन बदलले असले तरी पाठ प्रवास करतो आणि प्रवासात झिजतो, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. सर्व्हरवरील दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञाला बाइटांचे ज्ञान असते, परंतु ‘दर्या’ हा शब्द त्या ठिकाणी चुकीचा आहे हे त्याला कळण्याचे कारण नाही. साहित्याच्या अभ्यासकाला शब्द कळतो, परंतु तो कोठे आणि कसा बदलला हे विचारण्याची भाषा त्याच्याजवळ नसते. ह्या दोघांमधील अंतरात मजकूर नष्ट होत असतो.

म्हणून ज्या संस्था आपले साहित्य अशा सर्व्हरवर ठेवतात त्यांनी काही साध्या गोष्टी पाळणे इष्ट ठरेल. मूळ मजकुराची, कोणत्याही सफाईपूर्वीची, एक प्रत सर्व्हरबाहेर असावी. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, कारण आणि व्याप्ती लिहून ठेवावी. नवी आज्ञावली बसविताना तिची परीक्षा इंग्रजी वाक्यावर न घेता ‘मराठी’, ‘ओवी’, ‘अभंग’, ‘गाथा’, ‘दऱ्या’ अशा शब्दांवर घ्यावी. हे पाच शब्द कोणत्याही तंत्रज्ञाला एका चिठ्ठीवर लिहून देता येतात. आणि मोडका मजकूर आढळला, तर तो सुंदर करण्याची घाई न करता आधी आहे तसा जपून ठेवावा, कारण पुष्कळदा हरवलेल्या अक्षराचा पत्ता त्या मोडक्या आकड्यांतच लिहिलेला असतो.